हुबेहूब प्रत आणि ड्राइव्हचा ऑफसेट

एकच ऑडिओ सीडी दोन वेगवेगळ्या संगणकांवर उतरवली. सीडीवर ओरखडा नाही, वाचताना कुठे अडखळणं नाही, दोन्ही फाइली कानाला तंतोतंत सारख्या. तरी त्यांचे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून हिशेबाने निघणारे आकडे, काढले तर एकही जुळत नाही. मग एका फाइलच्या सुरुवातीचा अगदी बारीकसा तुकडा कापून ती दुसरीशेजारी लावली, की तिथून पुढचा प्रत्येक बिट जुळतो. दोन्ही ड्राइव्हनी एकच मजकूर वाचला होता. फक्त वाचायला सुरुवात वेगवेगळ्या जागेपासून केली होती. हे ठरावीक सरकलेपण म्हणजे ड्राइव्हचा ऑफसेट. आपल्या संग्रहातल्या सीडींच्या नेमक्या प्रती करायला बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन थांबतो.

ऑफसेट दुरुस्त केल्याने गाणं कणभरही चांगलं ऐकू येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. ऑफसेट मोजतात सॅम्पलमध्ये, आणि सीडीच्या आवाजात सेकंदाला अशी ४४,१०० सॅम्पल असतात. ६ सॅम्पल म्हणजे सेकंदाच्या सात हजाराव्या भागाहूनही कमी. काही ड्राइव्हच्या ज्या ६६७ च्या आकड्याने लोक धास्तावतात तोही जेमतेम १५ मिलिसेकंदांचा. ही दुरुस्ती लागते ती साक्ष जुळवायला. पुण्यातल्या माणसाने उतरवलेली प्रत आणि ओसाकातल्या माणसाने उतरवलेली प्रत बिटाबिटाने एक आहे हे दाखवायचं, तर दोघांनी मोजायला एकाच जागेपासून सुरुवात केली पाहिजे. एका सॅम्पलने जरी फाइल सरकली, तरी चेकसम पूर्ण बदलतो आणि साक्ष वाया जाते.

हा फरक मुळात येतो कुठून? फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचं प्रमाण ठरवलं, तेच रेड बुक. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिले प्लेअर विक्रीला आले. त्या वेळी सीडीतला आवाज कोणी संगणकात फाइल म्हणून ओढून घेईल, हा विचार रचनेत नव्हताच. प्लेअरने गाण्याच्या सुरुवातीजवळ जायचं आणि वाजवत सुटायचं, एवढंच काम होतं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, प्रत्येकात डाव्या-उजव्या बाजूचे १६-१६ बिट. एका सेकंदाचे ७५ सेक्टर पडतात, म्हणजे एका सेक्टरमध्ये ५८८ सॅम्पल, २,३५२ बाइट. सेक्टरच्याही पोटात ९८ छोट्या फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेममध्ये आवाजाची ६ सॅम्पल, चूक-दुरुस्तीचे काही बाइट आणि सबकोडचा एक बाइट. सेक्टरभरचे सबकोड बाइट एकत्र केले की त्यातून पी ते डब्ल्यू असे आठ उपप्रवाह निघतात आणि त्यातल्या क्यू या प्रवाहात लिहिलेलं असतं की आपण कितव्या ट्रॅकवर, किती मिनिटं, किती सेकंद, कितव्या सेक्टरला आहोत.

आवाजाच्या बाइटांमध्ये मात्र स्वतःचा पत्ता कुठेही नाही. पत्ता फक्त क्यूमध्ये, आणि क्यू व आवाज हे ड्राइव्हच्या आत दोन वेगळ्या वाटांनी येतात. ओरखडा पडला तरी सलग मजकूर एकदम जाऊ नये म्हणून आवाजाचे बाइट शंभराहून जास्त फ्रेमवर विखरून लिहिलेले असतात. ते गोळा करून पुन्हा क्रमाने लावायला ड्राइव्हला थांबावं लागतं. सबकोडला असं थांबणं नाही. तो वाचला की लगेच हाती येतो. संगणकाने अमुक सेक्टर मागितला की ड्राइव्ह क्यूमधला पत्ता पाहतो आणि त्या क्षणी आपल्या साठ्यातून जो आवाज बाहेर पडायला तयार असेल तिथून देऊ लागतो. एसटी मैलाच्या दगडाजवळून जाताना एका कंडक्टरने ड्रायव्हरची खिडकी दगडापाशी आली की "आला" म्हणावं आणि दुसऱ्याने मागची सीट आली की म्हणावं, तसं हे आहे. दगड एकच, दोघंही प्रामाणिक, आणि दोघांतला फरक प्रत्येक दगडापाशी तेवढाच. चिपसंच आणि फर्मवेअर कसं बांधलंय यावर तो ठरतो. त्यामुळे एका मॉडेलच्या सगळ्या ड्राइव्हचा ऑफसेट साधारणपणे एकच निघतो.

डेटा सीडीला हा त्रास नाही. तिच्या प्रत्येक सेक्टरच्या सुरुवातीला ओळखीची १२ बाइटांची खूण आणि त्यापाठोपाठ ४ बाइटांत पत्ता वगैरे माहिती मुख्य मजकुरातच लिहिलेली असते. ड्राइव्ह ती खूण शोधून नेमक्या जागेपासून देतो. डीव्हीडी आणि ब्लू-रेतही सेक्टरचा क्रमांक मजकुरासोबतच असतो. फोटोंच्या किंवा सॉफ्टवेअरच्या डिस्कची प्रत करताना ऑफसेटच्या रकान्यात काय भरावं या चिंतेत पडायचं काही कारण नाही.

जुन्या ड्राइव्हची अवस्था याहून वाईट होती. १९९० च्या दशकातले कित्येक ड्राइव्ह दर वेळी थोड्या वेगळ्या जागेपासून सुरुवात करत. वाचन मध्येच तुटलं की पुन्हा जोडताना काही सॅम्पल दोनदा येत किंवा गळत. ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांचं सीडीपॅरानोया आणि जर्मनीच्या आंद्रे वीथॉफ यांचं १९९८ मध्ये आलेलं एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी ही दोन सॉफ्टवेअर मुख्यतः याच दुखण्यावर निघाली. दोन वाचनांचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवायचे आणि जिथे जुळतील तिथे सांधायचे, ही त्यांची रीत. पुढे ड्राइव्ह सुधारले, वाचन सलग आणि स्थिर झालं, आणि तेव्हा कुठे ऑफसेटला अर्थ आला. तो वजा करता येतो, कारण तो बदलत नाही. आजही एखाद्या जुन्या ड्राइव्हवर एकच ट्रॅक लागोपाठ दोनदा उतरवून सुरुवात वेगवेगळ्या जागी पडत असेल, तर तिथे कुठलाही आकडा भरण्यात अर्थ नाही. तो ड्राइव्ह या कामाचा नाही.

आता आकडे. प्लेक्स्टरच्या नावाजलेल्या ड्राइव्हचा दुरुस्तीचा आकडा +३०. लाइट-ऑन, सॅमसंग, आसुस यांच्या बऱ्याच ड्राइव्हचा +६. एलजीच्या काहींचा +६, काहींचा +१०२, काहींचा +६६७. पायोनियरच्या जुन्यांचा +४८, अलीकडच्या ब्लू-रे ड्राइव्हचा +६६७. पॅनासॉनिककडे +१०२ आणि +१०३ दोन्ही दिसतात. हे आकडे नीट पाहिले तर ६, ३०, ४८, १०२ हे सगळे सहाच्या पाढ्यातले आहेत, आणि १०३ व ६६७ त्याहून एकाने जास्त. एका छोट्या फ्रेममध्ये ६ सॅम्पल असतात, हे आठवलं की त्यातली संगती दिसते. ड्राइव्हची घाई किंवा उशीर बहुधा पूर्ण फ्रेमांच्या हिशेबात पडतो. तुमच्या मोजणीतून +१७ किंवा +५९ असा आकडा आला तर तो अशक्य नाही, पण त्यावर लगेच विश्वास टाकू नका. बहुतेक वेळा अशा आकड्याचं कारण ड्राइव्ह नसतो, सीडीची छपाई वेगळी असते.

ड्राइव्हच्या ऑफसेटच्या यादीत आपला ड्राइव्ह शोधताना पहिली अडचण नावाची येते. खोक्यावर एक ब्रँड, संगणक दाखवतो दुसराच. एचएल-डीटी-एसटी म्हणजे हिताची आणि एलजी यांची जोडकंपनी, टीएसएसटीकॉर्प म्हणजे तोशिबा आणि सॅमसंग यांची, मात्शिता म्हणजे पॅनासॉनिक. लॅपटॉपमधल्या आणि यूएसबीने जोडायच्या स्वस्त ड्राइव्हच्या आत बहुतेक यांच्यापैकीच कोणाचं तरी यंत्र असतं. काही बाहेरच्या खोक्यांमध्ये जोडणीची चिप मूळ नाव लपवून स्वतःचंच नाव पुढे करते, तेव्हा यादी निरुपयोगी ठरते आणि ऑफसेट मोजूनच काढावा लागतो.

मोजायचं तर प्रमाण हवं. ते प्रमाण वीथॉफ यांनी ठरवलेल्या संदर्भावरून आलं आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं. काही वर्षांनी उलगडलं की तो संदर्भ खऱ्या जागेपासून ३० सॅम्पलने सरकलेला आहे, म्हणजे +३० वाले प्लेक्स्टर खरं तर अचूक शून्यावर आहेत. वेळेत सांगायचं तर ०.६८ मिलिसेकंदांचा फरक. तोपर्यंत असंख्य सीडींचे चेकसम त्याच संदर्भावर जमा झाले होते, त्यामुळे तो बदलला नाही. मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. सगळ्यांनी एकच आरंभबिंदू वापरला, की तो खऱ्या शून्यापासून थोडा बाजूला असला तरी तुलनेत काहीच बिघडत नाही. उलट काही जणांनी "खरा" आकडा आणि काही जणांनी रूढ आकडा वापरला असता, तर सगळा साठा मातीमोल झाला असता. तुम्हाला कुठे तुमच्या ड्राइव्हचा आकडा रूढ आकड्यापेक्षा ३० ने कमी दिलेला दिसला, तर त्यामागचं कारण हे. प्रतींच्या कामासाठी मात्र रूढ आकडाच घ्यायचा.

ऑफसेट आपोआप ओळखणारी यंत्रणा म्हणजे अॅक्युरेटरिप. डीबीपॉवरअँप बनवणाऱ्या इलस्ट्रेट या कंपनीने ती उभी केली. लोकांनी उतरवलेल्या सीडींच्या प्रत्येक ट्रॅकचे चेकसम तिच्यात साठलेले असतात. एखादी लोकप्रिय सीडी घातली की सॉफ्टवेअर तुमच्या ड्राइव्हने दिलेला आवाज वेगवेगळ्या अंतरांनी सरकवून बघतं आणि साठ्यातल्या चेकसमशी ज्या अंतरावर जुळेल तो ऑफसेट धरतं. लिनक्सवरचं व्हिपर आणि मॅकवरचं एक्सएलडीही याच साठ्याशी पडताळणी करतात.

खरा गुंता इथे आहे. सरकलेपण फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये नसतं, सीडीच्या छपाईतही असतं. मूळ मास्टर कारखान्यात काचेच्या तबकडीवर लिहिताना तिथलं यंत्रही आवाज आणि सबकोड आपापल्या रीतीने जुळवतं. एकच अल्बम दोन देशांतल्या दोन कारखान्यांत छापला गेला, तर दोन्हीकडे आवाजाचा प्रत्येक बिट तोच असतो, पण ट्रॅकच्या खुणेच्या मानाने तो काही शे सॅम्पल पुढेमागे असू शकतो. म्हणून एकाच सीडीवरून काढलेला ऑफसेट काहीही सिद्ध करत नाही. तुमच्याकडची छपाई साठ्यातल्या छपाईहून १५० सॅम्पल सरकलेली असेल, तर ते सरकलेपण ड्राइव्हच्या नावावर चढतं. तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या, शक्यतो वेगवेगळ्या देशांत छापलेल्या सीडी घालाव्यात. त्यांतल्या बहुतेकांनी एकच आकडा दिला आणि तोच यादीतही असेल, तर प्रश्न मिटला. सीडी वेगवेगळे आकडे देत असतील, तर जो आकडा एकदाही पुन्हा आला नाही तो सोडून द्यावा.

हाताने मोजायचं असेल तर चिन्हाकडे फार लक्ष द्यावं लागतं. बरोबर ऑफसेटने काढलेली, त्याच छपाईची एक प्रत हवी. आपल्या ड्राइव्हवर दुरुस्ती शून्य ठेवून तोच ट्रॅक उतरवायचा, दोन्ही फाइली लहरी दाखवणाऱ्या संपादकात उघडायच्या आणि ठळक ओळखू येणारा एखादा आघात दोन्हीकडे कितव्या सॅम्पलवर आहे ते पाहायचं. तो आपल्या फाइलमध्ये ६ सॅम्पल उशिरा येत असेल, तर ड्राइव्ह ६ सॅम्पल आधीपासून वाचतोय आणि दुरुस्ती +६ भरायची. हे चिन्ह उलटं पडलं तर चूक शून्य न होता दुप्पट होते: +६६७ च्या जागी -६६७ भरला की फाइल १,३३४ सॅम्पलने सरकते. काही सॉफ्टवेअर "ड्राइव्हचा ऑफसेट" विचारतात, काही "दुरुस्ती". या दोन रकान्यांची चिन्हं एकमेकांच्या उलट असू शकतात. आकडा भरल्यावर साठ्यात असलेली एक सीडी उतरवून पडताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पडताळ्यात "जुळलं नाही" असा शेरा आला की बहुतेक जण सगळ्यात आधी ऑफसेट बदलून बघतात. तसं करण्याआधी शेऱ्यांची रांग पाहावी. बारापैकी बाराही ट्रॅक जुळले नाहीत, तर ऑफसेट चुकलाय किंवा छपाई वेगळी आहे. अकरा जुळले आणि एकच राहिला, तर त्यात ऑफसेटचा काही संबंध नाही. ऑफसेट सगळ्या ट्रॅकवर सारखाच लागतो. तो एका ट्रॅकला वगळून बाकीच्यांना बिघडवत नाही, आणि एकट्याला बिघडवून बाकीच्यांना सोडतही नाही. एकच ट्रॅक अडला, तर तिथे वाचनाची चूक आहे: ओरखडा, बोटाचा ठसा, आतली परत खराब होऊ लागलेली, किंवा ड्राइव्हची लेन्स मळलेली. सीडी पुसा, वेग कमी करा, दुसऱ्या ड्राइव्हवर घाला. एवढा साधा भेद लक्षात ठेवला तर या विषयात लोकांचे जे तासन् तास जातात ते वाचतील.

एक फसवी स्थिती आहे. कित्येक जण एकच ट्रॅक दोनदा वाचतात, दोन्ही चेकसम जुळले की निर्धास्त होतात. ही चाचणी चांगलीच आहे, पण ऑफसेटबद्दल ती काहीही सांगू शकत नाही. चुकीच्या ऑफसेटने दोनदा वाचलं तरी दोन्ही वेळा तीच चूक होते आणि चेकसम जुळतातच. त्यात ड्राइव्ह आपल्या साठ्यातून दुसऱ्यांदा तोच मजकूर परत देत असेल, तर सीडीकडे दुसऱ्यांदा पाहिलंही गेलेलं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये हा साठा टाळायची सोय असते, ती चालू हवी. शिवाय ओरखडा दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेला, की ड्राइव्ह आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाजाने भर घालून आवाज सलग ठेवतो. प्लेअरमध्ये हा गुण. प्रत करताना तो शत्रू, कारण नुकसान झाल्याचं कळतच नाही. सी-टू नावाची सूचना ड्राइव्ह अशा वेळी देऊ शकतो, पण काही ड्राइव्हमध्ये ती सूचनाही आवाजाच्या मानाने सरकलेली येते आणि दोष चुकीच्या सॅम्पलवर दाखवते. म्हणून तिच्यावर आंधळेपणाने विसंबू नये.

सगळेच ट्रॅक जुळत नाहीत आणि ऑफसेट तर नक्की बरोबर आहे, अशा वेळी आवाजात फेरफार करणाऱ्या सोयी तपासाव्यात. आवाज सारख्या पातळीवर आणणारी सोय, सुरुवातीची-शेवटची शांतता कापणारी सोय, यांतली एक जरी चालू राहिली तर कुठलीच साक्ष जुळणार नाही. शेवटी डेटा ट्रॅक जोडलेल्या सीडींचंही वेगळं आहे. त्यांत आवाजाचं सत्र संपल्यावर डेटाचं सत्र सुरू होईपर्यंत ११,४०० सेक्टरांचं अंतर असतं, म्हणजे अडीच मिनिटांहून जास्त. एखादं साधं सॉफ्टवेअर हे अंतर शेवटच्या गाण्यात धरतं आणि गाण्याच्या शेवटी निरर्थक शेपूट लागतं. लोक तिथेही ऑफसेटला दोष देतात.

ऑफसेटची खरी कसोटी लागते कडांवर. दुरुस्ती धन असेल तर सगळं वाचन तेवढं पुढे सरकतं, म्हणजे शेवटच्या ट्रॅकची शेवटची काही सॅम्पल घ्यायला ड्राइव्हला ट्रॅक संपल्यावरच्या लीड-आउट भागात शिरावं लागतं. ऋण असेल तर सुरुवातीच्या लीड-इनमध्ये. बहुतेक ड्राइव्ह तिथे जायला नकार देतात. नकार देणाऱ्या ड्राइव्हवर लीड-आउट वाचायची सोय चालू ठेवली, तर शेवटच्या ट्रॅकवर चुकांचा पाऊस पडतो, कधी ड्राइव्ह तिथेच अडकून बसतो. सगळे ट्रॅक स्वच्छ आणि शेवटचा मात्र दर वेळी अगदी टोकाशी थांबतो, असं दिसलं की आधी ही सोय बंद करावी. न मिळालेली सॅम्पल शांततेने भरायची सोय मात्र चालू हवी, नाही तर शेवटचा ट्रॅक लांबीने आखूड होतो. ६६७ सॅम्पल म्हणजे एका सेक्टरहून ७९ ने जास्त, त्यामुळे अशा ड्राइव्हवर दोन सेक्टरांपर्यंत पुढे जावं लागतं. सीडीपॅरानोयावरून बेतलेल्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत ५८७ पेक्षा मोठा ऑफसेट दिला की ट्रॅक बिघडत, आणि ५८८ म्हणजे बरोबर एक सेक्टर हे पाहिलं की चूक कुठे होती ते कळतं. लिनक्सवर काम करणाऱ्यांनी हे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचं ठेवावं.

शांतता भरली म्हणून प्रत खोटी ठरत नाही का, ही शंका रास्त आहे. बहुतेक सीडींच्या शेवटी मुळातच डिजिटल शांतता असते, तिथे भरलेली शून्यं आणि हरवलेली शून्यं एकच. अॅक्युरेटरिपनेही पहिल्या ट्रॅकचे सुरुवातीचे आणि शेवटच्या ट्रॅकचे अखेरचे सुमारे पाच सेक्टर हिशेबातून वगळलेत, म्हणजे कडेच्या जवळपास २,९४० सॅम्पलना साक्षीत स्थानच नाही. टाळ्यांच्या कडकडाटात संपणारी थेट मैफल असेल आणि शेवटचा क्षणही हवा असेल, तर लीड-आउट वाचणारा ड्राइव्ह शोधण्यात अर्थ आहे. एरवी नाही.

हे सगळं वाचण्याबद्दल. फाइलवरून पुन्हा सीडी लिहायची तर लिहिणाऱ्या ड्राइव्हचं स्वतःचं सरकलेपण मध्ये येतं, आणि ते वाचण्याच्या ऑफसेटपासून स्वतंत्र असतं. दुरुस्ती न करता प्रतीची प्रत काढत गेलात तर प्रत्येक पिढीत आवाज थोडा थोडा सरकत जातो. मोजायची पद्धत सरळ आहे: ज्या ड्राइव्हचा वाचण्याचा ऑफसेट नक्की झालाय त्यावर, लिहिण्याची दुरुस्ती शून्य ठेवून लिहिलेली सीडी वाचायची आणि मूळ फाइलशी अंतर काढायचं. जे उरेल ते लिहिण्याचं. काही सॉफ्टवेअर वाचणं आणि लिहिणं मिळून एकच आकडा मागतात; तिथे बेरीज भरायची. आज फाइल हीच प्रत मानली जाते, त्यामुळे हा भाग पूर्वीइतका कोणाला लागत नाही.

गेम्सच्या सीडींवर मात्र ऑफसेटच्या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर मिळतं. सेगा सॅटर्नच्या किंवा पीसी इंजिनच्या कित्येक डिस्कवर एकाच सत्रात डेटा ट्रॅक आणि संगीताचे ट्रॅक असतात. डेटाच्या सेक्टरमध्ये पत्ता मजकुरातच असतो. तोच सेक्टर ड्राइव्हला आवाज म्हणून वाचायला लावला, की १२ बाइटांची ओळखीची खूण प्रवाहात नेमकी कुठे पडते ते दिसतं आणि त्यापुढचा पत्ता उलगडून वाचता येतो. त्यातून ड्राइव्ह आणि छपाई या दोघांचं मिळून सरकलेपण सॅम्पलपर्यंत नेमकं निघतं. ड्राइव्हचं वजा केलं की उरतं ते त्या छपाईचं. रीडंप या प्रकल्पात डिस्कांच्या नोंदी अशाच केल्या जातात. डेटा सेक्टर असा कच्चा देणारे ड्राइव्ह मोजके आहेत. जुन्या प्लेक्स्टर ड्राइव्हना एक खास आज्ञा ठाऊक होती, म्हणून त्यांचं उत्पादन बंद पडून बरीच वर्षं झाली तरी जाणकार ते जपतात. नुसत्या आवाजाच्या सीडीत अशी खूण नसते, म्हणून तिथे बाहेरच्या साक्षीवर अवलंबून राहण्याला पर्याय नाही.

ज्यांनी काही वर्षांपूर्वी ऑफसेटचा विचार न करता शेकडो सीडी उतरवल्या, त्यांनी सगळं पुन्हा करायची गरज नाही. सगळे ट्रॅक सलग आणि पूर्ण असतील, तर क्यूटूल्ससारखं सॉफ्टवेअर त्या फाइली वेगवेगळ्या अंतरांनी सरकवून साठ्याशी ताडून पाहतं, कुठल्या अंतरावर जुळतात ते सांगतं आणि हवं तर ट्रॅकच्या सीमा तेवढ्या सरकवूनही देतं. गमावली जातात ती फक्त एका कडेची काही सॅम्पल. त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साठ्यात चेकसमसोबत भरपाईची माहितीही ठेवलेली असते, त्यामुळे थोडक्या चुका असलेली प्रत सीडी पुन्हा न लावताही दुरुस्त होऊ शकते. मूळ सीडी हरवली किंवा आता वाचतच नाही, अशांसाठी ही मोठी सोय आहे.

कठीण जागा आहे ती ज्या सीडी जगात फार थोड्या जणांकडे आहेत त्यांची. पुण्या-मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या शास्त्रीय गायनाच्या सीडी, नाट्यसंगीताचे संच, एखाद्या संस्थेने फक्त सभासदांसाठी काढलेली मैफल: यांतल्या कित्येकींचा कुठल्याही साठ्यात चेकसम नाही. नेमक्या त्याच पुन्हा छापल्या जाण्याची शक्यता सर्वांत कमी. इथे आपणच पहिले साक्षीदार. आधी साठ्यात असलेल्या सीडींवर आपल्या ड्राइव्हचा ऑफसेट पक्का करून घ्यावा, मगच दुर्मीळ सीडी लावावी. ती दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या ड्राइव्हवर, म्हणजे समजा +६ च्या एकावर आणि +६६७ च्या दुसऱ्यावर, आपापली दुरुस्ती भरून उतरवावी. वेगळा चिपसंच, वेगळी लेन्स, वेगळा ऑफसेट असूनही दोन्ही चेकसम जुळले, तर वाचनही स्वच्छ आहे आणि ऑफसेटही बरोबर आहे, याचा याहून चांगला घरगुती पुरावा मिळत नाही. एकाच मॉडेलचे दोन ड्राइव्ह घेतले तर हा पुरावा निम्मा होतो, कारण त्यांची ऑफसेटची चूकही एकच असेल.

त्यानंतर चेकसम अॅक्युरेटरिप आणि क्यूटूल्स या दोन्ही साठ्यांत पाठवावेत आणि फाइलींसोबत नोंदीची फाइल ठेवावी: ड्राइव्हचं संगणकाने दाखवलेलं नाव, फर्मवेअरची आवृत्ती, भरलेला ऑफसेट चिन्हासकट, लीड-आउट वाचलं की शांतता भरली, आणि सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक. त्या क्रमांकावरून छपाई ओळखू येते. त्याच मैफलीची दुसरी सीडी उद्या सांगलीत किंवा न्यू जर्सीत कोणाच्या कपाटातून निघाली आणि तिचा चेकसम जुळला नाही, तर फरक छपाईचा की नुकसानीचा, हे या नोंदीवरून पाच मिनिटांत ठरवता येईल.